तारीख आणि वेळ मजकुरात छापणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यात अडत दुकानं, कोल्ड स्टोरेज, वजनकाटे आणि साखर कारखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं आणि ते वापरणारे दिवाणजी जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः पायथनची आहेत. जावास्क्रिप्ट, जावा, एक्सेल जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलंय.

कोड आपण फोनवर सांगतो तसा लिहिलाय. ‘%डी’ म्हणजे टक्क्याच्या चिन्हापुढे स्मॉल डी, ‘%कॅपिटल-वाय’ म्हणजे त्यापुढे कॅपिटल वाय. आकडे इथे देवनागरीत दिसत असले तरी कोडमध्ये इंग्रजीच टाइप करायचे.

तारीख ‘फॉरमॅट’ करायची म्हणजे नक्की काय? तारीख तर तारीखच असते ना?

प्रोग्रामच्या पोटात तारीख ही एक वस्तू असते: वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे आकडे. तिच्यात सात दिवस मिळवता येतात, दोन तारखांमधलं अंतर काढता येतं, आधीची कुठली नंतरची कुठली ते विचारता येतं. कागदावर ‘१५/०७/२०२४’ असं छापलं की तो नुसता मजकूर झाला. त्यात सात मिळवायला गेलात तर एरर तरी येईल, नाहीतर शेवटी ‘७’ चिकटेल.

म्हणून आमच्याकडे एकच दंडक आहे. तारीख शेवटच्या पायरीपर्यंत तारीखच ठेवायची आणि पावती, पीडीएफ किंवा स्क्रीनवर जाताना तिचा मजकूर करायचा. या पानावरच्या अर्ध्याअधिक तक्रारी हा दंडक मोडल्यामुळेच आलेल्या आहेत.

पायथनमध्ये साधी १५/०७/२०२४ अशी तारीख कशी छापायची?

तारखेच्या वस्तूवर ‘स्ट्रफटाइम’ ही मेथड चालवायची आणि तिला साचा द्यायचा: ‘%डी/%एम/%कॅपिटल-वाय’. डी म्हणजे दिवस, स्मॉल एम म्हणजे महिना, कॅपिटल वाय म्हणजे चार आकडी वर्ष. मधली तिरकी रेघ जशीच्या तशी छापली जाते. तिथे आडवी रेघ, टिंब, काहीही चालतं. एफ-स्ट्रिंगमध्ये महिरपी कंसात नावापुढे विसर्गचिन्ह (म्हणजे कोलन) देऊन हाच साचा लिहिला तरी तेच उत्तर मिळतं, आणि कोड वाचायलाही सोपा जातो.

वेळेसाठी कॅपिटल एच म्हणजे चोवीस तासांचा तास, कॅपिटल आय म्हणजे बारा तासांचा, कॅपिटल एम मिनिटं, कॅपिटल एस सेकंद. कॅपिटल ए वाराचं पूर्ण नाव देतं, कॅपिटल बी महिन्याचं, आणि स्मॉल जे हे अक्षर वर्षातला कितवा दिवस ते सांगतं. ही सगळी अक्षरं सी भाषेतून आलेली आहेत. त्यामुळे रुबी, पीएचपीचं जुनं फंक्शन, लिनक्सची ‘डेट’ कमांड अशा ठिकाणीही ती बरीचशी तशीच चालतात.

पावतीवर तारीख १५/४२/२०२४ आली! बेचाळिसावा महिना कुठून आला?

महिन्याच्या जागी मिनिटं छापली गेली. पावती दहा बेचाळीसला निघाली असणार. स्मॉल एम महिना, कॅपिटल एम मिनिटं. तुमच्या साच्यात कॅपिटल पडलंय.

बेचाळीस दिसला म्हणून पकडलं तरी गेलं. सौदा सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी झाला असता तर जुलै महिन्यात पावती अगदी बरोबर दिसली असती. टेस्ट करणाऱ्यानं नेमकी तीच पाहिली तर पुढे महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही.

खरा घोळ भाषा बदलली की होतो. जावा आणि डॉट-नेटमध्ये हे बरोबर उलटं आहे: तिथे कॅपिटल एम-एम महिना आणि स्मॉल एम-एम मिनिटं. पीएचपीच्या ‘डेट’ फंक्शनमध्ये मिनिटांना स्मॉल आय आहे. मायएसक्यूएलच्या ‘डेट फॉरमॅट’मध्येही मिनिटांना स्मॉल आयच आहे, आणि तिथे कॅपिटल एम दिलं तर महिन्याचं पूर्ण इंग्रजी नाव येतं. ओरॅकल आणि पोस्टग्रेसच्या ‘टू-कॅर’मध्ये मिनिटांसाठी एम-आय लिहावं लागतं. एकाच प्रोजेक्टमध्ये पायथन आणि मायएसक्यूएल दोन्ही असतील तर साचे एका फाइलमध्ये नाव देऊन ठेवा. दहा जणांनी दहा ठिकाणी आठवणीतून लिहिले की हे होणारच.

स्ट्रफटाइम आणि स्ट्रपटाइम यात माझा कायम गोंधळ होतो.

मधल्या अक्षराकडे बघा. एफ म्हणजे फॉरमॅट: तारखेतून मजकूर. पी म्हणजे पार्स: मजकुरातून तारीख.

‘५ जुलै’ हवंय, ‘०५ जुलै’ नको. पुढचा शून्य कसा काढायचा?

लिनक्सवर टक्क्याच्या आणि डीच्या मध्ये वजाचं चिन्ह टाकलं की शून्य जातो. विंडोजवर तेच चालत नाही, तिथे हॅशचं चिन्ह लागतं. तुमचा लॅपटॉप विंडोजचा आणि सर्व्हर लिनक्सचा, म्हणजे एकीकडे चाललेलं दुसरीकडे मोडणार. त्यापेक्षा सरळ तारखेचा ‘डे’ हा आकडा घ्या. तो पूर्णांक आहे, त्याला पुढे शून्य नसतोच.

वर्ष दोनच आकड्यांत छापलं तर चालेल का? जागा वाचते.

छापायला चालेल, साठवायला अजिबात नाही. ‘%स्मॉल-वाय’ने वाचताना पायथन ६९ ते ९९ हे १९६९ ते १९९९ धरतं आणि ०० ते ६८ हे २००० ते २०६८. बिलाच्या तारखेला याचा त्रास होत नाही. सभासद नोंदणीला होतो. जन्म १९५२ चा असलेल्या शेतकऱ्याचं वर्ष ‘५२’ म्हणून आलं की प्रोग्राम त्याला २०५२ मध्ये जन्माला घालतो आणि वय वजा दाखवतो. आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर जिल्हा ‘दक्षिण सातारा’ लिहिलेले सभासद अजून आहेत. सांगली हे जिल्ह्याचं नाव १९६० चं. अशा माणसांच्या नोंदी करताना वर्ष चार आकडीच मागा आणि फॉर्ममध्ये दोन आकडे स्वीकारूच नका.

दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यात पावतीवर फरक दिसत नाही.

साच्यात कॅपिटल आय आहे पण ‘%पी’ नाही, म्हणून. कॅपिटल आय दोन्ही वेळेला १२ च देतं. एएम-पीएम हे पी छापतं. शक्य तिथे चोवीस तासांचीच वेळ छापा. वजनकाट्यावर तर दुसरा विचारच नको.

शेतकऱ्याला जाणाऱ्या मेसेजमध्ये मात्र ‘१६:३०’ परकं वाटतं, ‘दुपारी ४.३०’ बरं वाटतं. त्यासाठी तास बघून शब्द निवडणारं छोटं फंक्शन स्वतःच लिहा. आम्ही चार ते सहा पहाटे, सहा ते बारा सकाळी, बारा ते पाच दुपारी, पाच ते आठ संध्याकाळी आणि बाकी रात्री असं धरतो. चारला दुपार म्हणायचं की संध्याकाळ, यावर आमच्याच ऑफिसात दोन तट आहेत. तुम्हाला पटेल तसं करा, पण एकाच ठिकाणी करा. तासाला बारानं भागून बाकी घ्यायची, आणि बाकी शून्य आली तर १२ लिहायचे. ती शेवटची अट राहिली की मेसेज जातो: ‘दुपारी ०.३० वाजता सौदा’.

याच्या पोटात आणखी एक भानगड आहे. माणूस बोलताना ‘मंगळवारी रात्री साडेबाराला गाडी खाली झाली’ असं म्हणतो, तेव्हा कॅलेंडरप्रमाणे बुधवार लागलेला असतो. दिवाणजीनं तोंडी सांगितलेल्या वेळेवरून नोंद करताना वार आणि तारीख दोन्ही स्क्रीनवर दाखवा, म्हणजे त्याला स्वतःलाच खटकेल.

कारखान्याचा दिवसही मध्यरात्री बदलत नाही, पाळीबरोबर बदलतो. समजा गाळपाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. मग काट्याच्या वेळेतून चार तास वजा करा आणि उरेल त्याची तारीख ‘गाळप दिनांक’ म्हणून वेगळी छापा. मूळ वेळ मात्र हलवू नका. पावतीवर दोन्ही असू देत: ‘वजन वेळ १६/१२/२०२४ ०१:२०, गाळप दिनांक १५/१२/२०२४’. हिशोबपट्टी करताना भांडण झालं तर हीच ओळ कामाला येते.

महिन्यांची आणि वारांची नावं मराठीत कशी आणायची?

पुस्तकी उत्तर असं की लोकेल (म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) मराठी-भारत करायचा, मग कॅपिटल बी आणि कॅपिटल ए मराठी नावं देतात. प्रत्यक्षात त्या मशीनवर मराठी लोकेल बसवलेला असावा लागतो. स्वस्तातल्या क्लाउड सर्व्हरवर आणि डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये तो बहुधा नसतो. शिवाय लोकेल बदलला की पूर्ण प्रोग्रामचा बदलतो. वेब सर्व्हरमध्ये एका थ्रेडनं (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकानं) मराठी केला की त्याच क्षणी दुसऱ्या ग्राहकाचं इंग्रजी बिलही मराठी महिन्यानं छापलं जाऊ शकतं.

त्यामुळे आमचं मत सरळ आहे: बारा महिने आणि सात वार यांच्या दोन याद्या हातानं टाइप करा. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत नावं काही बदलणार नाहीत. महिन्याच्या यादीत शोधताना एक वजा करायला विसरू नका, कारण यादी शून्यापासून मोजली जाते. वारांचं आणखी निराळं: पायथनच्या ‘वीकडे’मध्ये सोमवार शून्य, ‘आयसो-वीकडे’मध्ये सोमवार एक, आणि जावास्क्रिप्टच्या ‘गेट-डे’मध्ये रविवार शून्य.

मराठीत एक सोय आपोआप मिळते. ‘सोमवारी’, ‘गुरुवारी’ असं हवं असेल तर नावाला फक्त वेलांटी जोडायची. सातही नावं ‘वार’नंच संपत असल्यामुळे कुठेच अडत नाही.

आकडे देवनागरीत हवेत: १५ जुलै २०२४. कसं करायचं?

आधी इंग्रजी आकड्यांत पूर्ण मजकूर तयार करा आणि मग ‘ट्रान्सलेट’नं दहा आकडे बदलून घ्या. ‘मेक-ट्रान्स’ला दहा इंग्रजी आकड्यांची एक ओळ आणि दहा देवनागरी आकड्यांची एक ओळ दिली की तक्ता तयार होतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल’ या अंगभूत सोयीतल्या तारीख फॉरमॅटरला मराठी-भारत लोकेल दिला की आकडे आपोआप देवनागरीत येतात. इंग्रजी हवे असतील तर लोकेलच्या नावाला लॅटिन अंकांची शेपटी जोडावी लागते.

हे फक्त माणसांनी वाचायच्या कागदापुरतं. ई-इन्व्हॉइसची फाइल, बँकेची अपलोड फाइल, जीएसटीचे फॉर्म यांत इंग्रजी आकडेच पाहिजेत. आणि देवनागरी मजकूर परत वाचायची वेळ आली तर सावध राहा. पायथनचं ‘इंट’ देवनागरी १५ बिनतक्रार वाचतं, पण ‘स्ट्रपटाइम’ त्याच आकड्यांच्या दिवसाला नाही म्हणतं, आणि जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ तर ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर देतं. वाचण्याआधी उलटा तक्ता लावून आकडे इंग्रजी करून घ्या.

कॅलेंडरमधून १५ तारीख निवडली, सेव्ह झाली १४! दर वेळेला एक दिवस मागे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सावकाश.

ब्राउझरमधलं कॅलेंडर १५ जुलै निवडल्यावर बहुतेक वेळा जावास्क्रिप्टची तारीख बनवतं: १५ जुलै, मध्यरात्रीचे शून्य वाजता, भारतीय वेळ. मग कुणीतरी ती सर्व्हरला पाठवायला ‘टू-आयसो-स्ट्रिंग’ वापरतं. ही मेथड आधी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून मध्यरात्रीतून साडेपाच तास वजा झाले आणि मजकूर बनला ‘२०२४-०७-१४’, पुढे टी, पुढे ‘१८:३०:००’, शेवटी झेड. सर्व्हरवरचा कोड पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून ठेवतो. झाली १४ तारीख. डेटाबेसमध्ये कुठे ‘१८:३०’ दिसलं की नव्वद टक्के हीच भानगड समजा.

‘एक दिवस मिळवून टाकू’ हा उपाय करू नका. जिथे खरी वेळ होती, म्हणजे सकाळी अकराची पावती, तिथे तारीख मागे गेलेलीच नव्हती. ती आता पुढे जाईल. बरोबर उपाय असा की नुसती तारीख हवी असेल तर वेळेला हातच लावायचा नाही. ‘गेट-फुल-इयर’, ‘गेट-मंथ’ अधिक एक, आणि ‘गेट-डेट’ हे तीन आकडे घ्या, महिना आणि दिवस ‘पॅड-स्टार्ट’नं दोन आकडी करा आणि मध्ये आडवी रेघ टाकून मजकूर जोडा. ‘अधिक एक’ यासाठी की तिथे जानेवारी शून्य आहे.

उलट्या दिशेला हेच लपून बसतं. ‘२०२४-०७-१५’ एवढाच मजकूर जावास्क्रिप्टला दिला तर ते त्याला यूटीसीची मध्यरात्र समजतं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेपाच असतात, तारीख तीच राहते, म्हणून सांगलीत बसून हा दोष कधीच दिसत नाही. बेदाणा घेणारा अमेरिकेतला माणूस तेच पान उघडतो आणि त्याला १४ जुलै दिसते.

सर्व्हर क्लाउडवर नेला आणि पहाटेच्या पावत्या आदल्या तारखेला पडायला लागल्या.

तो सर्व्हर यूटीसीवर चालतोय. रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत आदलाच दिवस असतो. दिवसा चालणाऱ्या दुकानात हे कळतही नाही. गळीत हंगामात काटा रात्रभर चालू असतो, तिथे लगेच बोंब होते.

आताची वेळ घेताना टाइम झोन सांगा: पायथन ३.९ पासून ‘झोन-इन्फो’ अंगभूत आहे, त्याला ‘एशिया/कोलकाता’ हे नाव द्यायचं. विंडोजवर सोबत ‘टीझेड-डेटा’ हे पॅकेज बसवावं लागतं. ‘यूटीसी-नाऊ’ वापरू नका. ते झोनची खूण न लावता वेळ देतं, आणि पायथन ३.१२ पासून ते मोडीत काढायच्या यादीत आहे.

मग पावतीवर ‘आयएसटी’ (भारतीय प्रमाणवेळ) लिहू का?

गावातल्या पावतीवर गरज नाही. परदेशी जाणाऱ्या कागदावर लिहायचं तर ‘+०५:३०’ लिहा, कारण आयएसटी ही तीन अक्षरं इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. पायथनच्या ‘%झेड’नं मध्ये विसर्गचिन्ह येत नाही, ‘आयसो-फॉरमॅट’नं येतं. त्याला ‘टाइमस्पेक’ सेकंद असं सांगा, नाहीतर कधी मायक्रोसेकंद येतात, कधी येत नाहीत, आणि रकान्याची रुंदी हलत राहते.

भारतात घड्याळ पुढेमागे करायची पद्धत नाही, म्हणून अनेक जण ‘सरळ साडेपाच तास मिळवतो’ म्हणतात. आजच्या बिलाला चालून जातं. जुन्या नोंदींना नाही: १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे भारतीय वेळ साडेसहा तास पुढे होती. झोनच्या डेटाबेसला हे ठाऊक आहे, तुमच्या ‘अधिक साडेपाच’ला नाही. कुणाची जन्मवेळ त्या काळातली असेल तर पत्रिकेच्या सॉफ्टवेअरमध्ये एका तासाचा फरक म्हणजे लग्नच बदललं!

फाइलच्या नावात तारीख कशी घालावी?

वर्ष-महिना-दिवस, मध्ये आडवी रेघ: ‘पट्टी-२०२४-०७-१५’. हा आयसो ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम. याचा फायदा असा की नावानं क्रम लावला की तारखेनंही लागतो. ‘१५-०७-२०२४’ लावलंत तर वर्षभरातल्या सगळ्या पंधरा तारखा एका जागी गोळा होतात. फाइलच्या नावात तिरकी रेघ नको, आणि विंडोजवर विसर्गचिन्हही चालत नाही, त्यामुळे वेळ टाकायची तर ‘१०४२’ अशी सलग.

सीएला पाठवलेल्या एक्सेलमध्ये अर्ध्या तारखा उलट्या झाल्या.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल) पाठवली असणार, आणि त्यांच्या विंडोजचा प्रदेश अमेरिकेवर असणार. एक्सेल तिथे महिना आधी समजतं. मग ०३/०४/२०२४ गुपचूप ४ मार्च होते. १५/०७/२०२४ ला पंधरावा महिना सापडत नाही, म्हणून ती मजकूर म्हणून तशीच पडून राहते. ओळखायची खूण: रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. उजवीकडच्या संशयास्पद. डावीकडच्या निदान खऱ्या तरी आहेत.

सीएसव्हीच द्यायची असेल तर आयसो क्रमानं द्या. त्याहून चांगलं म्हणजे ‘ओपन-पाय-एक्सेल’नं खरी एक्सेल फाइल बनवा, सेलमध्ये तारखेची वस्तू ठेवा आणि दिसण्याचा साचा ‘नंबर फॉरमॅट’मध्ये द्या.

एक्सेलमधून वाचली तर तारखेऐवजी ४५४८८ येतंय.

ती १५ जुलै २०२४ च आहे. एक्सेल दिवस मोजत जातं आणि १ जानेवारी १९०० ला एक धरतं. पायथनमध्ये ३० डिसेंबर १८९९ या तारखेत तेवढे दिवस मिळवा. ३१ डिसेंबर का नाही? एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानतं, जे ते नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये ही चूक होती आणि त्याच्या फाइलींशी जुळावं म्हणून एक्सेलनं ती तशीच ठेवली.

द्राक्षबागेच्या ॲपमध्ये ‘छाटणीनंतर ८३ वा दिवस’ असं हवंय. त्याला कुठला कोड?

कुठलाच नाही. आजच्या तारखेतून छाटणीची तारीख वजा करा. उत्तर ‘टाइम-डेल्टा’ (दोन तारखांमधलं अंतर) येतं आणि त्याचा ‘डेज’ हा आकडा तुम्हाला हवा असतो. फळछाटणी १० ऑक्टोबर २०२४ ला झाली असेल तर १ जानेवारी २०२५ ला ८३ मिळतील. टाइम-डेल्टाला स्ट्रफटाइम नसतं आणि तसाच छापला तर ‘८३ डेज’ असं इंग्रजी काहीतरी येतं.

छाटणीचा दिवस शून्यावा की पहिला, हे मात्र बागायतदाराला विचारा. डिपिंगचं (घड द्रावणात बुडवण्याचं) आणि फवारणीचं वेळापत्रक दिवसांवर चालतं. एका दिवसाचा फरक त्याला चालणार नाही. हाच प्रश्न उसाच्या बिलाला येतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे, तिथे शेवटची तारीख छापताना मोजणी कुठून धरली ते कागदावर दिसू द्या.

बिलावर आर्थिक वर्ष ‘२०२४-२५’ असं छापायचंय.

महिना चार किंवा जास्त असेल तर हेच वर्ष, नाहीतर मागचं वर्ष हे सुरुवातीचं. पुढच्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्या आणि दोन आकडी रुंदी सक्तीची करा. तारीख ही बिलाची घ्या, आजची नाही. ३१ मार्चची बिलं २ एप्रिलला छापणारी दुकानं काही कमी नाहीत.

जावामध्ये ३१ डिसेंबर २०२४ च्या बिलावर २०२५ आलं. बाकी वर्षभर ठीक होतं.

साच्यात वर्षासाठी कॅपिटल वाय आहे. जावात ते आठवड्याचं वर्ष असतं, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजतात ते, आणि तो आठवडा २०२५ चा पहिला होता. स्मॉल वाय करा. पायथनवाल्यांनी हसू नये. तिथे हेच काम कॅपिटल जी करतं.

गो भाषेत तर साच्याची अक्षरंच नाहीत?

नाहीत. तिथे साचा म्हणून एक ठरलेला क्षण लिहितात: २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद. अमेरिकन पद्धतीनं महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, वर्ष असे एक ते सहा. आपल्या पावतीसाठी ‘०२/०१/२००६’ लिहायचं. आजची तारीख साचा म्हणून लिहिलीत तर अगम्य काहीतरी छापलं जातं.

तिथी छापता येईल का? शेठ म्हणतात पाडव्याच्या बिलावर तिथी पाहिजेच.

स्ट्रफटाइमनं नाही. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावरून ठरते, पंचांग त्या गावच्या सूर्योदयाची तिथी देतं, आणि कधी एखादी तिथी गळते, कधी दोन दिवस राहते. यासाठी खगोल गणिताची लायब्ररी लागते. वर्षातून दोन-तीन दिवसांसाठी हवी असेल तर पंचांगात बघून तक्ता भरा. ते जास्त शहाणपणाचं.

भारत सरकारचं राष्ट्रीय पंचांग वेगळं आहे. ते २२ मार्च १९५७ पासून लागू झालं, सौर आहे, आणि त्याचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला, सुरू होतो. ते सोप्या गणितानं निघतं. जावास्क्रिप्टच्या इंटलमध्ये ‘इंडियन’ नावानं आहेच. पण शेठना ते दाखवून तिथी म्हणू नका. १७ जुलै २०२४ ला आषाढी एकादशी होती आणि राष्ट्रीय पंचांगात त्या दिवशी आषाढ २६.

डेटाबेसमध्ये तारीख मजकूर म्हणून ठेवली तर काय बिघडतं?

क्रम लावला की १ डिसेंबरची ‘०१/१२/२०२३’ ही २ जानेवारीच्या ‘०२/०१/२०२३’ च्या आधी येते. रकाना तारखेचाच करा.

टेस्ट कुठल्या तारखांनी करावी?

३ एप्रिल, कारण दिवस-महिना उलटले तरी एरर येत नाही आणि नजरेला कळतं. २५ तारखेची एखादी, कारण तिथे उलटलं की एरर येतेच. ३१ डिसेंबर २०२४. २९ फेब्रुवारी २०२४. ३१ मार्च आणि १ एप्रिल. वेळेत रात्री १२ वाजून ५ मिनिटं, दुपारी १२ वाजून ५ मिनिटं आणि पहाटे पाच. आज, आत्ता, या घडीला चालवून बघणं म्हणजे टेस्ट नव्हे.

थर्मल प्रिंटरवर तारीख अर्धीच येते, आणि मराठी महिना आला की चौकोन.

५८ मिलिमीटरच्या कागदावर सर्वसाधारणपणे एका ओळीत ३२ अक्षरं बसतात. ‘दिनांक’, तारीख, वेळ, बिल नंबर हे सगळं एका ओळीत कोंबू नका. तारीख-वेळ डावीकडे, बिल नंबर पुढच्या ओळीत. चौकोन येतात कारण प्रिंटरच्या आतल्या फाँटमध्ये देवनागरी नसते. पूर्ण पावती चित्र करून पाठवा. छपाई थोडी हळू होते. दिवाणजींना घाई असेल तर आकडे इंग्रजी आणि महिना आकड्यातच ठेवा, पावती झटकन निघते.